बाद पिशवी

“भिंतीवरचं बटण तुम्हीच बंद करा, सर,” मृण्मयी म्हणाली. “मी केलं तर म्हणाल, पोरीनं मुद्दाम वेळ साधली.”

देवव्रत हसला, पण हात खिशातच राहिला. शरणपूर रोडवरच्या त्या दोन टेबलांच्या कार्यालयात आज एकच गोष्ट ठरायची होती. मनमाडच्या एका रक्तपेढीला त्याने प्रोग्रॅम लिहून दिला होता. त्यातला डेटाबेसही त्याच्याच हातचा. आता नवी आवृत्ती पाठवायची होती, आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या या मुलीचं म्हणणं, तो डेटाबेस काढून टाकावा. तिने नेटवरून दुसरा उतरवून घेतला होता. इवलासा. त्याला सर्व्हर लागत नव्हता. प्रोग्रॅमच्या पोटातच राहून तो सगळ्या नोंदी एका फाइलीत ठेवत होता. शिवाय फुकट.

“धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात,” तो म्हणाला. “मी मोजणार. नोंद होताच वीज गेली तर काय उरतं ते बघू. आधी तुझी गाय.”

तिने यूपीएस बाजूला करून संगणक थेट भिंतीला जोडला. पडद्यावर चाचणीसाठी तयार केलेली रक्ताच्या एका पिशवीची नोंद होती: बी पॉझिटिव्ह, ‘उपलब्ध’. तिने ती ‘बाद’ केली, म्हणजे रुग्णाला देण्याजोगी नाही असं नोंदवलं. पडदा क्षणभर अडखळला आणि मग अक्षरं उमटली, ‘नोंद झाली’. त्याच क्षणी देवव्रतने बटण बंद केलं.

मग तिने बटण चालू करून संगणक पुन्हा सुरू केला. पिशवी बादच होती.

“पण तुझी गाय अडखळते किती!” देवव्रत म्हणाला. “मनमाडला सुवर्णाताई एकट्या पेढी सांभाळतात. बाहेर नातेवाईक ताटकळलेले असताना त्या हे बघत बसतील? मला शिव्या घालतील.”

“आता तुमची, सर.”

आपल्या प्रोग्रॅममध्ये त्याने स्वतःच्या हाताने पिशवी बाद केली. बोट उचलण्याआधीच उत्तर आलं, ‘नोंद झाली’. या चपळाईचा त्याला अभिमान होता. त्याने बटण बंद केलं.

पुन्हा सुरू झाल्यावर फाइल विनासायास उघडली. कुठे चूक नाही, इशारा नाही.

“बघ, फाइलीला ओरखडासुद्धा...” तो म्हणाला आणि थांबला.

पिशवीपुढे ‘उपलब्ध’ असं लिहिलेलं होतं.

 देवव्रतच्या लक्षात आलं. नोंद डिस्कवर उतरेपर्यंत त्याचा प्रोग्रॅम थांबतच नव्हता. ती तात्पुरत्या स्मृतीत असतानाच ‘झाली’ म्हणून मोकळा होत होता. त्याची चपळाई आली होती ती इथूनच. फाइल मोडली असती तर निदान कुणीतरी ओरडलं असतं.

“मनमाडला यूपीएस असेल ना?” तिने हळूच विचारलं.

“बॅटरी बसली म्हणून उन्हाळ्यातच काढून ठेवलाय.”

त्याने फोन लावला.

“बोला सर!” सुवर्णाताईंचा आवाज मोकळा होता. “लाइट आत्ताच आली बघा. सकाळपासनं नुसता खेळ चाललाय तिचा. तुमचं काम मात्र झकास हां, पटापटा होतं सगळं.”

“आज काही पिशव्या बाद केल्यात?”

“केल्या की दोन. खालच्या कप्प्यात ठेवल्यात, संध्याकाळी नष्ट करायला जातील. का हो?”

“ताई, पडद्यावर काय दिसतंय ते सोडा. फ्रिज उघडा, एकेक पिशवी हातात घ्या आणि तिच्यावरची चिठ्ठी मला वाचून दाखवा. तोवर कुणालाही काही देऊ नका.”

“अहो, झालं काय पण?”

“माझी चूक झालीय. लाइट गेली की बाद केलेल्या पिशव्या परत ‘उपलब्ध’ दिसतात. त्या दोन्ही खालच्या कप्प्यातच आहेत का, आधी बघा.”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग फ्रिजचं दार उघडल्याचा. देवव्रत फोन कानाशी दाबून उभा राहिला. ते दार पुन्हा मिटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.