बाहेरून घेतलेला प्रोग्राम

"तो प्रोग्राम ना? आज नेटवरून काढूनच टाकतोय," वाईहून फोनवर दबका आवाज आला. "कुणी वापरत असेल असं वाटत नाही."

मृण्मयीने चहा बाजूला ठेवला. बँकेच्या ॲपमध्ये बाहेरून घेतलेले प्रोग्राम भरवशाचे आहेत का, हे ती तपासत होती. रक्कम मराठी अक्षरांत लिहिणारा प्रोग्राम या निवृत्त प्राध्यापकांचा होता. ॲप तो रोज नेटवरूनच घेत असे; तिथून गेला असता, तर उद्या एकही पावती निघाली नसती.

"काका, आमची अख्खी बँक वापरते!"

"अरे बापरे! मग त्यात चुका असतीलच."

"एकही सापडली नाही. फार सुरेख लिहिलंय तुम्ही."

"खरंच? मग ठेवतो... सध्या."

मृण्मयीने अहवालात लिहिलं, 'धोका: लेखकाचा संकोच. उपाय: दर सोमवारी फोन करून कौतुक करणे.'