भरतीचा तक्ता

"उरलेले पैसे घेऊन आलेय," सुनेत्रा म्हणाली आणि पर्स भावाच्या टेबलावर ठेवून खुर्चीत टेकली. "दलाल म्हणतो, भाव पडलाय, फरकाचे उद्या भरले नाहीत तर आधीच्या पैशांवर पाणी सोडा. भरू ना, दादा?"

गुरुदत्तची पेन्सिल कागदावरच्या रेघेवरून फिरत राहिली. शिवडीच्या गोदीत त्याचा सारा जन्म भरती-ओहोटीचे तक्ते काढण्यात गेला, आणि समुद्राने त्याला कधी खोटं पाडलं नाही. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून पेपरातले कापसाच्या वायद्याचे भाव तो कागदावर मांडू लागला. पुढे कधीतरी येणारा कापूस आजच बोली करून घ्यायचा, असला तो उफराटा धंदा. पण रेघ मात्र ओळखीची निघाली. भाव दोनदा एकाच पातळीपर्यंत ओसरला आणि दोनदा तिथूनच चढला. ही तर आपली ओहोटीच, असं वाटून त्याने विधवा बहिणीला सांगितलं, तिसऱ्यांदा इथे टेकला की घे.

टेकला. तिने नवऱ्याच्या फंडातले अर्धे पैसे लावले, आणि भाव जो रेघेखाली घसरला तो घसरतच राहिला.

काल दिवसभर तो चूक शोधत होता. हरताळाचे दिवस, मोर्चावरच्या गोळीबारानंतर बाजार बंद राहिला ते दिवस, सगळे त्याने नीट वगळले होते.

"तुझं चुकणार नाही रे," सुनेत्रा म्हणाली. "दलालाच्या पेढीवर तुझाच कागद भिंतीला लावलाय. मीच नेऊन दिला. माझ्या दादाने काढलाय म्हटलं. आता काळबादेवीच्या बाजारात जो तो त्याची नक्कल खिशात घेऊन फिरतो. सगळ्यांनी त्याच रेघेवर तर घेतलं."

गुरुदत्तने पेन्सिल खाली ठेवली.

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

मग त्याला कळलं, आणि कळून काडीचंही सुख झालं नाही. सगळे एकाच पायरीवर उभे आहेत, ती ढळली की घाबरून विकत सुटतील, एवढं कुठल्याशा बड्या शेटजीने त्या भिंतीवरच वाचलं असणार. त्याने थोडा माल बाजारात ओतून पायरी ढळवली, आणि आता पडत्या भावाचा कापूस झेलायला खाली झोळी पसरून निवांत उभा असेल.

त्याने पर्स उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"घरी ने."

"आणि आधीचे?"

"गेले, सुनेत्रा. माझ्या नादाने गेले."

तिने खिडकीबाहेर बघितलं. खाडीचं पाणी रोजच्यासारखं, वेळेवर, चिखल झाकत वर येत होतं.

"मग तुझा भरतीचा तक्ता कसा रे कधी चुकला नाही?"

"समुद्राला तक्ता वाचता येत नाही," गुरुदत्त म्हणाला.