बुर्साचा नफा

मिसाओने तिसऱ्यांदा बेरीज केली. पुन्हा नफाच. चार लाख दहा हजार येन.

कापडावर छपाई करणारी डिजिटल मशीनं बनवणाऱ्या नागानो शहरातल्या कंपनीत ती हिशेब खात्यात होती. तिचा नवरा तेत्सुरो याच कंपनीच्या बुर्सा शाखेचा प्रमुख. चार वर्षं तुर्कस्तानात, एकटाच. खात्याचे प्रमुख हानावासाहेब यांनी सकाळीच बजावलं होतं. मशीनं विकून, दुरुस्त करून, पगार-भाडं भागवून सरत्या आर्थिक वर्षात काही उरलं नसेल, तर ती शाखा बंद.

"आणि कुबोदेरासान, नवरा तिकडे आहे म्हणून हात सैल सोडू नका हं."

सगळे हसले होते. तीही हसली होती. हात सैल सोडायचाच, तर तिला उलट्या बाजूने सोडायचा होता. शाखा बंद म्हणजे तेत्सुरो घरी. रात्री दोघांचं जेवण. टबातलं गरम पाणी आधी त्याला, मग तिला.

भाडं: बरोबर.

पगार, नऊ माणसांचे: बरोबर.

दुरुस्ती:

ती थांबली. ओबोनला, पितरांसाठी जो तो आपल्या गावी परततो तेव्हा, तेत्सुरो आला नव्हता. गिऱ्हाइकाचं मशीन अडलंय, म्हणाला होता. नववर्षालाही तेच. तो खर्च धरायचा राहिला असणार. नक्कीच राहिला असणार. तिची बोटं भराभर चालू लागली.

ऑगस्ट उपसला. जानेवारी उपसला. एकही मशीन अडलं नव्हतं. साधा एक सुटा भागही गोदामातून हलला नव्हता.

घरी जाण्या-येण्याचं भाडं, कंपनीकडून, वर्षातून दोनदा: शून्य.

दोन फेऱ्यांचे पाच लाख तरी झाले असते.

दुपारचे चार. तिकडे सकाळचे दहा. फोन घेऊन ती जिन्यात गेली.

"अहो, मशीन अडलंच नव्हतं ना?"

"दोनदा आलो असतो तर शाखा तोट्यात गेली असती, मिसाओ. बंद केली असती त्यांनी."

"मग तुम्ही कायमचेच घरी आला असता."

पलीकडे टेबलावर चहाचे पेले ठेवल्याचा आवाज आला. तेत्सुरो तुर्कीत काहीतरी बोलला. दोघं-तिघं हसले.

"आकडा किती आलाय?" त्याने हलकेच विचारलं.

तिने जिन्याचा कठडा धरला.

"चार लाख दहा हजार. नफा."

त्याने श्वास सोडला. लांब, मोकळा. पंचवीस वर्षांच्या संसारात तसा श्वास तिने एकदाही ऐकला नव्हता.