तीन बटणं एका रांगेत

"आई, तू ही बटणं फिरवलीस?"

"पुसताना फिरली असतील. दसऱ्याला सगळी वाद्यं पुसली, तशी ही डबीही पुसली. तिन्हींचे काटे तीन दिशांना होते, ते नीट एका रांगेत केले."

प्रमोदिनीने डोळे मिटून घेतले. बाबांचं पेडल, गिटारचा आवाज बदलणारी ती डबी, जमिनीवर होतं. एका बटणाच्या फटीत अजून हळदकुंकू अडकलेलं. बाबा श्रावणात गेले. तेव्हापासून ते काटे त्यांनी ठेवले होते तिथेच होते. दसऱ्यापर्यंत.

समोर गणू बाबांची बेस गिटार मांडीवर घेऊन बसला होता. ऑर्केस्ट्रात आता बाबांच्या जागी तोच वाजवणार. आज कोजागिरीचा कार्यक्रम. कोळीगीताच्या सुरुवातीला बेस एकटी वाजायची आणि या पेडलमधून तिचा आवाज बदकासारखा निघायचा. नौपाड्यापासून कोळीवाड्यापर्यंत लोक त्याला बाबांच्या नावाने 'गुरुदत्तचं बदक' म्हणत.

"ताई, मॅनेजर बोलले, चारपर्यंत नाही जमलं तर तेवढा पीस कीबोर्डवर घेऊ."

"कीबोर्डवर बदक येत नाही."

"तेच बोललो मी. तर म्हणाले, मग बदक कॅन्सल."

सव्वातीन झाले होते. प्रमोदिनीने पहिलं बटण फिरवलं. गणूने तार छेडली. ढुम. दुसरं फिरवलं. ढुम. तिसरं पार शेवटपर्यंत नेलं. तरी ढुमच, फक्त नाकातून.

"सर्दी झाल्यासारखं येतंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आई, प्लीज."

"मी आपलं ऐकू आलं ते सांगितलं."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ढुम. खालच्या मजल्यावर भागीरथीकाकूंची दुपारची झोप निवांत चालली होती. प्रमोदिनी डबी उचलून आपटणार, तेवढ्यात तिचं लक्ष गणूच्या बोटांकडे गेलं. देवाला फूल वाहावं तसा तो तारेला बोट लावत होता.

"इतकं हळू का वाजवतोस?"

"गुरुदत्तदादांची गिटार आहे ना, ताई."

"अरे, हे पेडल बोटाच्या जोरावर चालतं! बोट जोरात बसलं तरच त्याचं तोंड उघडतं. आई रांगा लावते, तू फुलं वाहतोस. देव्हाऱ्यातली आहे का ती? मार!"

गणूने ओठ आवळले आणि तार खेचली.

क्वॅव.

फळीवरचे कप थरथरले. प्रमोदिनीने मधलं बटण केसभर मागे घेतलं. "परत."

क्वॅव, क्वॅव. बाबांचा तोच आवाज, आधी तोंड उघडणारा आणि मग हळूच मिटत जाणारा. ती बटणावरचा हात काढायला विसरली.

खालून फरशीला काठीचा ठोका बसला. श्रावणापासून तो बसला नव्हता.

गणूने तारा तळहाताने दाबून धरल्या. "काकू उठल्या वाटतं. बंद करू?"

आई हातात ओलं फडकं घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

"बंद काय करतोस?" ती म्हणाली. "पहिल्या ठोक्याला ते आणखी जोरात वाजवायचे."