उलटी शिवण

चमचा बशीत पडला आणि खोलीतली शांतता मोडली. चमचा टिटवीचा. पाच वर्षांची ती पोर एवढा वेळ गप्प बसली हेच नवल. शांतता मात्र तिच्या बापानं ओढवून घेतली होती. "काकू, गाडी चाललीये किती?" असं त्यानं विचारलं, आणि लेकीचे गुण सांगावेत तसं काकूंनी सांगितलं, "तीन लाख बारा हजार किलोमीटर."

काकू जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली होती. लाल, बुटकी, दोन दारांची. छपराच्या जागी कापडी टप, तो मागे घडी करून ठेवता येईल अशी.

"म्हणजे गाडी नाही, पणजी आहे," टिटवीचा बाप म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा. इंजिनाचं वय त्याला आवाजावरून कळे.

"पणजी असेल, पण काठी टेकत नाही. मघाशी फिरवून आणलीत ना? खोकली का?"

"खोकली नाही," त्यानं कबूल केलं. "पण काकू, तीन लाख..." आणि त्यानं बायकोकडे पाहिलं.

तिनं लग्नाआधी कारखान्यात असेच टप शिवले होते. शेकड्यांनी. टप उघडून वाऱ्यात मात्र ती एकदाही बसली नव्हती. गाडी एवढी चालली नसती तर त्यांच्या आवाक्यात आलीच नसती, आणि एवढी चालली होती म्हणून तर घ्यायचा धीर होत नव्हता.

"इंजिन तू पाहिलंस," ती उठत म्हणाली. "टप मी बघते. काकू, एक बादली पाणी द्या."

बाहेर फाटकाशी गाडी उभी होती. ती टिटवीला घेऊन आत बसली, दारं लावली, काचा चढवल्या. नवरा वरून तांब्यातांब्यानं पाणी ओतू लागला. मायलेकी माना वर करून थेंबाची वाट बघत बसल्या. थेंब काही येईना.

"एकदाही गळला नाही हो!" काकू काचेला तोंड लावून ओरडल्या. "बर्फात नेली, वाळवंटात नेली. कंपनीचा टप आहे, कुणाचा हात लागलेला नाही."

तिनं अस्तराची दोन बटणं काढली आणि आत बोटं घातली. जिथे टप दुमडतो तिथली शिवण तिला चाचपायची होती. तीच आधी उसवते.

बोटं थांबली.

शिवणीची पट्टी पुढे वळवलेली होती. ती मागेच वळवायची असते, म्हणजे वारा वरून घसरून जातो. पुढे वळली तर वाऱ्याला तोंड सापडतं आणि टप फाटतो. हे कारखान्यातल्या नवख्या पोरींनाही माहीत होतं. एकटी तीच चुकली होती, कामाच्या पहिल्या महिन्यात. "आता उसवू नकोस," मुकादमीण म्हणाली होती, "सुईच्या भोकांची चाळण होईल. तुझं तूच निस्तर." मग जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी डबे उघडून बसल्या, आणि ती टपाच्या पोटात शिरून, पट्टी दबून राहावी म्हणून मेणाच्या दोऱ्यानं हातशिलाईची आणखी एक ओळ घालत बसली. दोन साधे टाके, तिसऱ्याला गाठ. दोन साधे, तिसऱ्याला गाठ.

अंगठा हलके हलके सरकला. साधा, साधा, गाठ.

"काय गं, फाटलाय का?" नवऱ्यानं दार उघडलं.

"नाही." ती म्हणाली. "हा मी शिवलाय."

"अहो, कंपनीचा आहे तो," काकू म्हणाल्या. "कागद आहेत माझ्याकडे."

"कंपनीतच शिवला, काकू. आणि उलटा शिवला. चुकले होते मी. इथे बोट लावून बघा."

काकूंनी चष्मा चढवला, गुडघ्यांना शिव्या घालत त्या आत वाकल्या आणि शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. घाई केली नाही. आयुष्यभर बांधाबांधानं चालत मोजणी केलेली बाई ती.

"एकही टाका ढिला नाही," त्या शेवटी म्हणाल्या. मग तिच्याकडे बघत, "चुकलात म्हणता? अहो बाई, तीन लाख बारा हजार किलोमीटर मी तुमच्या चुकीखाली कोरडी बसलेय."

तिनं मान खाली घातली, पण ओठांवरचं हसू काही आवरेना. नवरा रिकामा तांब्या घेऊन तसाच उभा होता. बसमध्ये दंगा करणारी पोरं ज्याच्या एका नजरेत गप्प होत, तो आता बायकोकडे नव्यानं ओळख झाल्यासारखा बघत होता.

"ही तर तुझ्या माहेरची निघाली," तो म्हणाला. "आता नाही म्हणायची माझी काय बिशाद?"

"घ्यायची," ती म्हणाली. "पणजी तर पणजी."

"मग उघडा की टप," काकू म्हणाल्या. "तुमच्या हातानं."

तिनं खिट्टी सोडली. ओला टप मागे घडी होत गेला आणि आभाळ थेट डोक्यावर आलं. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले. पाठ आपोआप ताठ झाली होती.

शेजारी टिटवी चाकाच्या मधोमध बसवलेल्या चंदेरी अक्षरांवरून बोट फिरवत होती. शाळेत चित्र काढलं की खाली आपलं नाव घालायचं, हे तिला या आठवड्यातच शिकवलं होतं. कंपनीचं नाव तिनं एकेक अक्षर लावून वाचलं, मग दार बघितलं, आरसा बघितला, सीटवर उभी राहून टपाची घडीही बघितली.

"आई, हे तू केलंस ना? मग तुझं नाव कुठे घातलंय?"