केतकीचा चहा

थालीपीठ खायला बसल्या बसल्या श्रीरंगच्या फोनवर चहाची जाहिरात लागली आणि मृदुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप हातात धरून हसत होती ती केतकी, श्रीरंगची कॉलेजातली मैत्रीण! हल्ली जाहिरातींना नट-नट्या लागत नाहीत. फोन पाहणाऱ्याची नजर ज्या चेहऱ्यावर सर्वांत जास्त रेंगाळते, तोच चेहरा माल विकायला उभा राहतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"रोज तिचे फोटो बघत बसतोस ना?"

"अगं, देवाशपथ! कित्येक महिन्यांत पाहिलेले नाहीत."

तिने फोन हिसकावून नजरेची नोंद उघडली. "हे बघ! केतकी, रोज सकाळी सात ते सव्वासात."

"सातला मी आंघोळीला असतो, मृदुला."

मृदुलाने हातातला घास ताटात परत ठेवला. तो आंघोळीला गेला की त्याचा फोन घ्यायचा, केतकीचा एकेक फोटो उघडायचा आणि याने कुठे लाइक केलंय का ते तपासायचं, हा तिचा वर्षभराचा नेम होता.

पडद्यावरच्या केतकीने कप पुढे केला. "घेतेस ना चहा, मृदुला?"