कच्चं लिंबू

खुर्चीचा विमा चाचणीपुरता सुरू केल्यापासून रेणूची चाकांची खुर्ची मैदानाच्या कडेलाच अडायची. पुढे उतार होता, खडी होती. विमा कंपनीला धोका दिसला की चाकं जागची हलत नसत.

"रेणू परत कच्चं लिंबू," सोसायटीतली मुलं म्हणाली. म्हणजे लपंडावात असायचं, पण तिच्यावर राज्य कधी यायचं नाही.

"केतकी, विमा घेऊन टाक," नवरा म्हणाला. "खुर्ची मोडली तर दुसरी आपल्याला झेपणार आहे का? आणि आपली रेणूच पडली तर?"

हे 'तर' केतकी रोजच जगत होती. तिने गॅलरीतून खाली पाहिलं. सगळे लपायला पळाले होते. रेणू एकटीच कडेला बसून टाळ्या वाजवत होती.

केतकीने फोनवर 'विमा नको' दाबलं.

खुर्ची उतारावरून सुटली, खडीवर कलंडली आणि कशीबशी सावरली. केतकीने कठडा घट्ट धरला.

"रेणू इस्टॉप! आता तुझ्यावर राज्य," खालून कुणीतरी ओरडलं.

रेणू हसत डोळे झाकून आकडे म्हणू लागली. केतकीलाही डोळे झाकून घ्यावेसे वाटत होते. तिने ते उघडेच ठेवले.